परतीचा माल

जाताना सिमेंट असतं, पाडांगहून जांबीला,
चारशे गोण्या, आणि आठवडाभर नाकात राखाडी शेंबूड.
जाण्याचं भाडं मालकाचं.
आमचं पोट येण्याच्या भाड्यावर,
आणि ते मिळेपर्यंत ट्रकखाली झोळी बांधून झोपायचं.
या खेपेला तीन रात्री.
नदीकाठी डास इतके, की शफनीरदादा म्हणाला,
यांनाच भरून नेऊ, वजन तरी होईल.

चौथ्या दिवशी दलाल पार्दामेआन आला,
कानामागे पेन, तोंडात लवंगेची सिगारेट.
सुपारीची नव्वद पोती, म्हणाला. आणि वर एक घर.

घर म्हणजे?

घर म्हणजे घर. एका बाईचं. सोडवून, दोरीने बांधलेलं.

पलंग, चार तुकड्यांत. शिवणयंत्र. गाद्या तीन.
टोपलीत एक कोंबडा, त्याला पावती नाही.
आरशाचं कपाट मी मागे तोंड करून बांधलं,
ते कसं चुकलं हे दादाने शंभर किलोमीटर ऐकवलं:
मागून येणारी प्रत्येक गाडी
आपल्याच दिव्यांना घाबरून ब्रेक मारत होती.

रोस्निदारमावशी आमच्या मध्ये बसल्या,
मांडीवर बातिकच्या फडक्यात काहीतरी जड.
"वजन?" मी विचारलं. पावती लिहिणं माझं काम.
"माझं मी उचललंय ना?"

मुआरा बुंगोला भात खाताना एवढंच बोलल्या:
बत्तीस वर्षं झाली. गावात आईची खोली अजून माझ्या नावावर आहे.
नवरा जांबीत राहिला.
कबरीत की दुसऱ्या घरात, दादाने विचारलं नाही,
मीही नाही.

सोलोक सुटलं की चढ,
चढ संपला की सितिंजाउ लाउइकचा उतार.
नावाचा अर्थ, समुद्र बघून घ्या.
ड्रायव्हर लोक बघत नाहीत.
तिथल्या वळणावर ट्रकला स्वतःचीच शेपटी दिसते.

समोरून पामतेलाचा टँकर चढता चढता अडकला.
आम्ही थांबलो, नाक खाली करून.
हवेच्या ब्रेकचा काटा उतरत होता.
दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही, फक्त ओरडला, "उटी!"

उटी फणसाच्या लाकडाची, नोकरीत माझ्याइतकीच जुनी.
चाकापुढे सरकवली.
कुरकुरली. मग दुभंगली.
नव्वद पोती, एक घर, एक कोंबडा
तसूतसूने समुद्राकडे निघाले.

मावशी कधी उतरल्या, माहीत नाही.
दिसलं ते एवढंच, की फडकं रस्त्यावर पडलंय
आणि त्यांनी चाकापुढे पाटा लावलाय,
मिरची वाटायचा, काळ्या दगडाचा,
बत्तीस वर्षांच्या मनगटाने मधोमध खळगा पडलेला.
चाक पुढे आलं, खळग्यात उतरलं,
आणि बसलं.

टँकर निघायला पाऊण तास गेला.
मी दगड गोळा करत फिरलो,
दादा एका नळीला तार गुंडाळत तिच्या खानदानाला शिव्या देत होता,
मावशी कठड्याशी.
समुद्र बघत असाव्यात. आमच्याकडे पाठ होती.

पाडांगला घर उतरवलं. कोंबडा आधी.
पाट्याचा कोपरा उडाला होता, टायरची नक्षी उमटली होती.
त्यांनी तो नळाखाली धरला,
नक्षीवरून अंगठा फिरवला, घासली नाही.
भाडं पुरं मोजलं.
दादा दोन नोटा परत करू लागला तर म्हणाल्या,
"आधी त्या चाकावर पाणी मार. मिरची झोंबत असेल त्याला."

मग पावती. शेवटची ओळ छापील असते:
माल सुस्थितीत मिळाला.
त्यांनी ती दोनदा वाचली,
माझ्याकडे बघितलं,
सही केली.

त्या रात्री मी नवी उटी तासायला बसलो.
मधोमध थोडा खळगा ठेवला.
दादा म्हणाला, वाकडी झालीय.
म्हटलं, असू दे.